काजळ्याचा फोटो

मांजरसुंब्याच्या चौकात केजकडं जाणारा रस्ता जिथं फुटतो, तिथं एक पंक्चरचं दुकान आहे आणि एक भज्यांचा गाडा. या दोघांच्या मधे अंग चोरून बसल्यासारखी एक खोली आहे. बाहेर निळी पाटी, ‘नूर फोटो’. दिवसभर समोरून ट्रक जातात, त्यांचा धुराळा काचेवर बसतो, आणि थोड्या थोड्या वेळानं आतला माणूस फडकं घेऊन उठतो, काच पुसतो. घाईनं नाही. गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तशी पुसतो. ते गुफरानभाई.

आमचं गाव तिथून खाली, पालीच्या अलीकडं, डोंगराच्या पोटाशी. गाव लहान, पण आमच्या गावातल्या भिंती बघाव्यात. लग्नाचे, बारशाचे, नव्या ट्रॅक्टरचे, नव्या विहिरीचे फोटो. आणि बैलांचे. बैलांचे फोटो भिंतीवर लावणारी गावं मी फार पाहिली नाहीत. आमच्याकडं ते लागले ते गुफरानभाईंमुळं, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

त्याला कारण आहे. गुफरानभाईंचे वडील ख्वाजा, हे नालबंद. बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकणारे. सडकेनं गाड्या ओढणाऱ्या बैलाचं खूर झिजतं, म्हणून वरीसभरात दोनदा तरी ख्वाजाचाचांची पेटी गावात यायची. दोरीच्या एका फाशात ते आडदांड बैल असा अलगद खाली घ्यायचे की बैलालाच वाटावं, आपण होऊनच बसलो. लहानगे गुफरानभाई बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसत आणि त्याच्या कानात काहीबाही बोलत. पुढं टेम्पो आले, ट्रॅक्टर आले, गाड्या मोडीत निघाल्या. चाचा एक दिवस पोराला म्हणाले, “बैलाच्या पायाखालची आपली भाकर संपली रे. तू दुसरं कायतरी बघ.” पोरगं बीडला एका फोटोवाल्याकडं लागलं. अंधाऱ्या खोलीत फोटो धुता धुता शिकलं. पण बैलाच्या डोळ्यांत बघायची सवय गेली नाही. ती कशी जाईल?

आता त्यांच्या कॅमेऱ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

रोल बंद पडले आणि डिजिटल आलं, तेव्हा गुफरानभाईंनी संभाजीनगरच्या एका फोटोग्राफरकडून हा कॅमेरा वापरलेला घेतला. तेव्हाच तो जुना होता. आता तर त्याच्या पिढीचा दुसरा कुठं दिसत नाही. काळा आणि जड. हाताला धरायच्या जागचं रबर उन्हानं सुटलं, तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. मागची स्क्रीन एवढीशी, तिच्यावर उन्हात काही म्हणता काही दिसत नाही. व्हिडिओ त्यात निघत नाही. एका दमात पाच-सात फोटो काढले की एक बारका लाल दिवा लागतो आणि कॅमेरा दम खात बसतो. तोवर नवरी मांडवातून आत गेलेली असते. त्याला लागतं ते जाडं कार्ड आता बीडच्या बाजारात मिळत नाही. आत कुठंतरी धूळ बसलीय, त्यामुळं आभाळाच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक काळा ठिपका येतो. लोक विचारतात, ही घार काय? गुफरानभाई म्हणतात, “हां, पाळलेली हाय. जिथं मी, तिथं ती.”

पण खरं दुखणं अंधाराचं. दिवस मावळला की या कॅमेऱ्याचं बळ जातं. भिंग पुढं-मागं चाचपडत राहतं, रातांधळ्या माणसानं खाटेचा खूर शोधावा तसं. आणि फोटो निघाला तरी त्याच्यावर बारीक दाणे उठतात. आमच्याकडं त्याला ‘रवा’ म्हणतात. “गुफरानभाई, फोटोत रवा लई पडलाय,” असं नवरीचा बाप म्हणतो, आणि भाई म्हणतात, “शिरा करून खावा.”

मग ठेवला कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांची लेक हीना हेच म्हणते. त्यावर भाई कॅमेरा तिच्या डोळ्याला लावतात आणि म्हणतात, बघ. त्या बारक्या खिडकीतून जे दिसतं ते पडद्यावर उतरवलेलं चित्र नसतं. काचेतून आणि आरशातून आलेलं, पण समोरचं जग असतं ते. भर उन्हातही स्वच्छ. बटण दाबलं की त्याच घटकेला खटाक. मोबाइल आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो. तेवढ्यात बैलानं मान फिरवलेली असते. बॅटरी एकदा भरली की हळदीपासून वरातीपर्यंत पुरते. गेवराईकडच्या एका वरातीत कॅमेरा ट्रॉलीवरून सडकेवर पडला. भाईंनी उचलला, फुंकर मारली आणि पुढचा फोटो काढला. आणि दिवसाच्या उजेडात तो माणसाचा रंग जसा असेल तसा ठेवतो. उन्हात रापलेल्याला गोरा करत नाही.

भाईंच्या घरच्या नसीमभाभी म्हणतात, “मला ताप आला तवा हे माझ्या उशाशी बसले न्हाईत. कॅमेऱ्यात पाणी गेलं तवा तांदळाच्या डब्यापाशी रातभर बसून होते.” भाई हसतात. खोटं आहे, असं मात्र म्हणत नाहीत.

आता छबुबाई.

छबुबाई माझ्या घरासमोर राहतात. सत्तरीच्या आहेत. मालक परमेश्वर ऐन उमेदीत गेले, तेव्हा पदरी लेकरं आणि दावणीला दोन खोंडं. एक तांबडं, हौशा. एक काळं, काजळ्या. काळं म्हणजे किती काळं? अमावस्येला गोठ्यात नुसते डोळे दिसायचे. बाईमाणसानं तिफण धरू नये असं म्हणणारी गावात पुष्कळ होती. छबुबाईंनी धरली. त्या दोन बैलांनी आपल्याला पेरणी शिकवली असं त्या म्हणतात. सरी वाकडी जायला लागली की काजळ्या आपण होऊन थांबायचा. लेकरं शिकली, नोकऱ्यांना लागली. बैल म्हातारे झाले. कुणी बाजार दाखवा म्हटलं की छबुबाई म्हणायच्या, “आदी मला न्या बाजारात.”

दर पोळ्याला गुफरानभाई गावात येतात, वेशीतल्या तोरणाखालून जोड्या निघताना फोटो काढतात. मागल्या पोळ्याला हौशा-काजळ्याचा फोटो निघाला. पण मिरवणूक वेशीत आली तेव्हा दिवस बुडत होता. भाई जनावराच्या तोंडावर फ्लॅश मारत नाहीत. एकदा एका बैलानं फ्लॅशला बुजून मालकाला वेशीपासून ओढ्यापर्यंत फरपटत नेलं होतं, तेव्हापासून. त्यामुळं फोटोत हौशा छान आला, झुलीचे आरसेसुद्धा मोजून घ्यावेत. काजळ्याच्या जागी नुसता अंधार, आणि अंधारातून निघालेली दोन शिंगं.

“ह्येच्यात माझा काजळ्या कुठंय?” छबुबाईंनी विचारलं होतं.

भाईंना वाईट वाटलं. म्हणाले, “मावशी, माझ्या कॅमेऱ्याला अंधारात कमी दिसतं. काळ्या रंगावर तर त्याची नजरच ठरत न्हाई. बैलात दोष न्हाई, कॅमेऱ्यात हाय.”

उन्हाळ्यात हौशा गेला. काजळ्या रिकाम्या दावणीकडं तोंड करून उभा राहायचा. दात पडले होते, कडबा चावेना. डॉक्टर बघून गेले आणि जाता जाता म्हणाले, पुढचा पोळा धरून चालू नका. त्या दिवशी छबुबाई मांजरसुंब्याला गेल्या. दुकानाच्या बाकावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “गुफरान, मालकाचा माझ्याकडं एकबी फोटो न्हाई. तवा कळलं न्हाई. आता कळतंय. मला माझा काजळ्या पायजे, जसा हाय तसा. तो असेपर्यंत.”

“ह्या पोळ्याला दुपारीच येतो मावशी,” भाई म्हणाले. “चांगल्या उन्हात काढू. केस अन् केस मोजून घ्या.”

पोळा आला. आभाळ मोकळं होतं, ऊन ताज्या तुपासारखं. भाईंची मोटारसायकल जेवणवेळेलाच गावात आली. गळ्यात कॅमेरा. मी ओट्यावर बसलो होतो, मीही मागं गेलो. छबुबाईंच्या अंगणात पाय टाकला आणि भाई जागीच थांबले.

दाव्याला एक लालभडक बैल बांधला होता.

मला वाटलं, पोळ्यासाठी कुणा पाव्हण्याचा आणून बांधलाय. तेवढ्यात त्यानं मान हलवली, आणि ती हलवायची ढब ओळखीची निघाली.

“मावशी,” भाई हळूच म्हणाले, “ह्ये काय केलं तुमी?”

छबुबाईंचे हात कोपरापर्यंत लाल. चेहऱ्यावर सकाळपासूनच्या कष्टाचं तेज. “गेरू लावला. करडीच्या तेलात कालवून. नाकापासून शेपटापर्यंत. कावून? बरा दिसत न्हाई का?”

“पर कशापाई?”

“आता ऐका! तूच म्हणलातास ना, काळ्यावर तुज्या कॅमेऱ्याची नजर ठरत न्हाई? म्हणून म्हणलं, त्याला दिसंल असा रंग देऊ. हौशा कसा तांबडा होता म्हणून झ्याक आला!”

मला हसू आवरेना. अमरसिंह दारातूनच खो खो हसत आत आला. अमरसिंह हा आमच्या गावचा मोठा शेतकरी. गुफरानभाई आणि तो शाळेत एका बाकावर होते. “आरं गुफऱ्या बे, तुझ्या कॅमेऱ्यापाई आता गाव रंगवून घ्यावं लागतंय का? त्यो डबा बैलाच्या वैरणीत घाल एकदाचा!”

गुफरानभाई हसले नाहीत. शब्द त्यांचेच होते ना. ते खाली बसले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटाक. मग स्क्रीन छबुबाईंपुढं धरली. उन्हात काही दिसेना, तेव्हा छबुबाईंनी आपल्या आणि भाईंच्या डोक्यावरून पदर ओढला आणि पदराच्या सावलीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

फोटो उत्तम होता. उन्हातला हा कॅमेरा म्हणजे काय सांगावं. अंगावरचा गेरू, पाठीवर बसलेली माशी, सगळं.

“चांगला हाय,” छबुबाई म्हणाल्या. आणि मग, “पर ह्यो माझा न्हाई.”

त्यांचा आवाज बारीक झाला. “मीच केलं ना रे ह्ये?”

“तुमी न्हाई. माझ्या तोंडानं केलं,” गुफरानभाई उठले. कॅमेरा माझ्या हातात दिला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. “चला, धुऊ त्याला.”

तेलात कालवलेला गेरू म्हणजे काय वस्तू आहे ते ज्यानं धुतला त्यालाच माहीत. बोअरच्या हौदावर काजळ्याला नेला. पाणी मारलं तर पाणी मोत्यासारखं घरंगळून खाली. साबण लावला, रिठे लावले, राखेनं घासलं, काथ्यानं घासलं. लाल पाण्याचे ओहोळ चालले. हसणारा अमरसिंहही धोतर खोचून पोटाखाली शिरला. “पोळ्याच्या दिवशी बैल धुत्यात ते सकाळी धुत्यात बे,” तो पुटपुटत होता, “दिवस कलल्यावर कोन धुतं?” काजळ्या मात्र डोळे अर्धे मिटून उभा. सगळं गाव आपल्या सेवेला लागलंय, याचं त्याला काही नवल वाटत नव्हतं.

लाल जाऊन तपकिरी आलं, तपकिरी जाऊन मळका करडा आला. आणि करड्याखालून हळूहळू काजळ्या वर येऊ लागला. इकडं मारुतीच्या पारावरून भोंगा ओरडायला लागला, जोड्या घेऊन या, लग्नाची वेळ झाली. आमच्याकडं पोळ्याला बैलांची लग्नं लावतात, मंगलाष्टका म्हणून, अक्षता टाकून. पश्चिमेकडून ढग चढत होते. भाई एक हात बैलाच्या पाठीवर ठेवून आभाळाकडं बघत होते. दिलेला शब्द उन्हाचा होता, आणि ऊन निघून चाललं होतं.

काजळ्या निथळतच पारावर गेला. जोडीदार नव्हता म्हणून छबुबाईंनी हौशाची झूल स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि बैलाशेजारी उभ्या राहिल्या. गावातलं कुणी काही म्हणालं नाही. अक्षता त्यांच्याही डोक्यावर पडल्या.

वेशीत आलो तेव्हा तोरणाची पानंसुद्धा काळी दिसत होती. भाईंनी प्रयत्न केला. भिंग पुढं गेलं, मागं आलं, पुढं गेलं. काळ्या बैलावर धरायला त्याला काही सापडेना. खटाक वाजलं तेव्हा काजळ्या तोरणाखालून निघून गेला होता. स्क्रीनवर मागल्या सालचाच अंधार.

“सर बाजूला,” अमरसिंह म्हणाला आणि त्यानं आपला नवा मोबाइल काढला. खरं तेच लिहितो, मोबाइलनं कमाल केली. आमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्याला दिसलं. बैल, तोरण, मागची माणसं, सगळं लख्ख, रव्याचा दाणा नाही. “घ्या काकू! झालं तुमचं काम.”

छबुबाईंनी मोबाइल हातात घेतला. काजळ्या त्यात गुळगुळीत दिसत होता, मेणाचा केल्यासारखा. रंगही काळा नाही, धुरकट. त्यांनी बोटानं त्याच्या खांद्याची जागा चाचपली.

“ह्येच्या खांद्यावरचा घट्टा कुठंय?”

जू ओढून ओढून काजळ्याच्या खांद्याला घट्टा पडला होता, मुठीएवढा, बिनकेसांचा, चामड्यासारखा. मोबाइलनं तो डाग समजून पुसून टाकला होता.

“घट्टा कशाला पायजे फोटोत?” अमरसिंह म्हणाला. “पोरगा कसा नवरदेवावानी दिसतुया!”

“माझं घर त्या घट्ट्यावर उभं ऱ्हायलंय, अमरसिंह,” छबुबाई म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला. रागानं नाही. आणि काजळ्याला घेऊन घराकडं चालू लागल्या.

मला वाटलं, झालं, संपलं. गुफरानभाई मात्र चालता चालता पिशवीत हात घालून काही शोधत होते. डबीएवढं एक छोटं भिंग निघालं. कॅमेऱ्याचं मोठं भिंग काढून त्यांनी ते बसवलं. म्हणाले, “ह्येचं तोंड मोठं हाय. उजेड जास्त पितं. अजून आशा हाय.”

छबुबाईंचं घर पश्चिमेला तोंड करून. ढगांच्या खाली, डोंगराच्या कडेला, पिवळ्या उजेडाची एक पट्टी शिल्लक होती. दारात पाट, पाटावर ताट, ताटात कणकेचे दिवे आणि पुरणपोळी. बैल घरी आला की खुरांवर पाणी घालून ओवाळायचं. छबुबाईंनी दिवे लावले. अमरसिंहानं मोबाइलची बॅटरी पाजळली, तर भाई म्हणाले, “इझव बे ती. त्याला बुजवतोस का?”

ओट्यावर एक घमेलं पालथं घातलं, त्यावर आपला रुमाल घडी करून ठेवला आणि रुमालावर कॅमेरा. स्वतः ओट्याखाली गुडघे टेकून बसले. हळूहळू बोलत होते, मला की कॅमेऱ्याला, कळेना. “ह्येला काळं दिसलं की हा घाबरतो. उजेड वाढवतो अन् काळ्याचा राखाडी करून ठेवतो. म्हणून त्याचा उजेड आपणच खाली आणायचा. अन् नजर त्याची चालत न्हाई, तर नजर आपली द्यायची.” त्यांनी आपोआप चालणारा फोकस बंद केला आणि दोन बोटांनी भिंग फिरवायला लागले. दिव्याची ज्योत काजळ्याच्या डोळ्यात टिपक्याएवढी चमकत होती. त्या टिपक्यावर ते फिरवत राहिले, तो टाचणीच्या डोक्याएवढा होईस्तोवर.

“मावशी, आता बैल हलायला न्हाई पायजे. एक श्वासभर. गळ्याखाली खाजवा त्याला, अब्बा खाजवायचे तसं.”

“मला शिकवतुस व्हय रे माझा बैल?” म्हणत छबुबाईंनी त्याच्या गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत बोटं घातली. काजळ्या दगडासारखा उभा राहिला. सुखानं त्यानं डोळेही मिटले.

“डोळे मिटले की!” भाई कळवळले.

“खाजवू का नको? एक काय ते सांग!”

“थांबा, थांबा. बोला त्याच्याशी. नुसतं बोला.”

छबुबाईंनी हात थांबवला. काय बोलावं त्यांना सुचेना. मग त्या वाकल्या आणि रोज सकाळी गोठ्यात जाताना म्हणत तेच म्हणाल्या, “उठला का रं माझा राजा?”

काजळ्यानं डोळे उघडले. मान किंचित वळवली, त्यांच्याकडं.

खटाक.

मग आणखी खटाक, आणखी. लाल दिवा लागला, कॅमेरा दम खात बसला. बाहेर उजेडाची पट्टी विझली. भाईंनी स्क्रीन बघितलीच नाही. म्हणाले, “ह्येच्यावर इश्वास न्हाई. दुकानात बघू.” आणि पुरणपोळी खायला बसले.

फोटो घेऊन ते पुढच्या बाजारच्या दिवशी आले. चांगला मोठा केलेला, वर लॅमिनेशन. छबुबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि फोटो उजेडात धरला.

त्यात रवा होता, भरपूर. काजळ्याचा एक कान हललेला होता, धुरासारखा. दुसऱ्या कानाच्या मुळाशी थोडा गेरू राहून गेला होता. पण काळा रंग काळा होता, ओल्या अंगावर दिव्यांची सोनेरी रेघ होती, आणि खांद्यावरचा घट्टा असा दिसत होता की हात लावला तर खरखरीत लागावा. डोळ्यात ज्योत. आणि कडेला, गळ्याखाली थांबलेला छबुबाईंचा हात.

“रवा पडलाय मावशी,” भाई ओशाळून म्हणाले. “अंधारात ह्येच्याकडून एवढंच व्हतं.”

“असू दे. खसखस लावल्यावानी दिसतोय,” छबुबाई म्हणाल्या. फोटोवरची नजर न काढता त्यांनी विचारलं, “ह्यो कान?”

“हलला.”

“हलायचाच. त्यो कान जन्मात कधी थांबला न्हाई.” आणि मग त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांना पदर डोळ्याला लावावा लागला. “आला बघ. माझा काजळ्या आला.”

त्या उठल्या आणि फोटो घेऊन गोठ्यात गेल्या, ज्याचा होता त्याला दाखवायला. काजळ्यानं आधी हुंगला. मग लांबलचक जीभ काढली आणि खालपासून वरपर्यंत एकदा चाटून काढला.

“आरं मुडद्या! पोळी न्हाई ती!” छबुबाई ओरडल्या.

गुफरानभाई दारात उभे राहून पोट धरून हसत होते. “म्हणूनच लॅमिनेट केला मावशी! नालबंदाचं पोरगं हाय मी. ह्येन्ला वळखतो.”

तो फोटो त्यांनी घरात नाही, गोठ्याच्या भिंतीला लावला. म्हणाल्या, तो आहे तोवर तिथं, नंतर बघू. गावातली माणसं येऊन बघून जात. सकाळी दूध घालायला जाणारा, वैरण मागायला येणारा, सगळे खऱ्या काजळ्याच्या पाठीवर थाप मारत आणि मग भिंतीकडं बघत. अमरसिंहानंही बघितला. बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “डबा चांगला हाय बे.” यापेक्षा मोठं कौतुक त्याच्या तोंडून कधी निघालेलं नाही.

माघात एका सकाळी काजळ्या उठला नाही. छबुबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. दुपारी बांधावरच्या लिंबाखाली खड्डा झाला. अमरसिंहानं स्वतःचा जेसीबी आणला आणि डोळे पुसत पुसत चालवला. नवं कापड, गुलाल, हळद. गाव जमलं होतं. गुफरानभाई मोटारसायकल सडकेला लावून शेतातून चालत आले. गळा मोकळा होता.

“कॅमेरा कुठंय बे?” अमरसिंहानं विचारलं.

“दुकानात.”

“आरं, आज आणायचा. एक शेवटचा काढला असता काकूसाठी.”

गुफरानभाईंनी छबुबाईंकडं बघितलं. त्या लिंबाला टेकून बसल्या होत्या, शांत. भाईंनी मान हलवली. “न्हाई बे,” ते म्हणाले. “त्याचा फोटो काढून झालाय.”

आणि वाकून त्यांनी दोन्ही हातांनी माती घेतली.